ओक ग्रोव्हचा जुना डिस्क गोल्फ कोर्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिसच्या ईशान्येला, पॅसाडेना शहराच्या कडेला हाहामॉन्गना वॉटरशेड पार्क नावाचं सार्वजनिक उद्यान आहे. पूर्वी त्याला ओक ग्रोव्ह पार्क म्हणत. तिथल्या ओकच्या झाडीत १९७५ साली डिस्क गोल्फचा जगातला पहिला कायमस्वरूपी कोर्स (खेळासाठी आखलेली जागा) उभा राहिला. तिथं खेळायला येणारी आपली मंडळी, त्यांच्याकडे भारतातून आलेले पाहुणे आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात ‘हे काय नवीन खूळ?’ म्हणून चौकशी करणारे काका-मावशी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. कोर्स आखूड आहे, हे आधीच सांगून टाकतो. तो आखूड का, हे कळलं तर खेळायला दुप्पट मजा येते, एवढंच माझं म्हणणं आहे.

डिस्क गोल्फ म्हणजे नेमकं काय? फ्रिस्बीच ना?

नियम गोल्फचे, पण काठी आणि चेंडू नाहीत. टी म्हणून ठरवलेल्या जागेवरून डिस्क, म्हणजे प्लॅस्टिकची चकती, फेकायची, ती जिथं पडेल तिथं चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. ज्याच्या फेकी सर्वांत कमी तो जिंकला. टी ते बास्केट या एका टप्प्याला होल म्हणतात, जमिनीत खड्डा कुठंच नसला तरी.

पुण्या-मुंबईत तरुण मुलं-मुली मैदानावर दोन संघ करून चकतीमागे धावतात तो खेळ वेगळा, त्याला अल्टिमेट म्हणतात. तिथं एकच मोठी चकती आणि भरपूर धावाधाव. इथं कुणी धावत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतो.

तो खरंच जगातला पहिला कोर्स आहे का?

‘कायमस्वरूपी’ हा शब्द जोडला तर हो. तो गाळून नुसतं ‘पहिला’ म्हटलं की वाद सुरू होतो, आणि वाद घालणाऱ्यांचीही बाजू खोटी नाही.

काहीतरी गोल फेकून ठरलेल्या ठिकाणी पोचवायचं, ही कल्पना फार जुनी. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाच्या गावी १९२६ च्या सुमारास शाळेतली मुलं डब्यांची पत्र्याची झाकणं वाळूत काढलेल्या वर्तुळांत फेकायची आणि त्याला टिन लिड गोल्फ म्हणायची. पुढे १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातच जॉर्ज सॅपनफील्ड या तरुणानं, जो मुलांच्या खेळांची देखरेख करायचा, मैदानावर निशाणं ठरवून मुलांकडून फ्रिस्बी गोल्फ खेळवून घेतलं. न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात एक मंडळ १९७० पासून नेमानं खेळत होतं, आणि १९७४ मध्ये त्यांनी भरवलेल्या स्पर्धेत डिस्क गोल्फचा समावेश होता. त्या लोकांना ओक ग्रोव्हबद्दल काहीही माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण ओक ग्रोव्ह अजून व्हायचं होतं.

मग ओक ग्रोव्हनं वेगळं काय केलं? तोवर खेळणारे लोक दिव्याचा खांब, कचऱ्याचा पिंप, झाडाचा बुंधा असं जे दिसेल ते निशाण ठरवायचे. खेळ संपला की कोर्सही संपला. ओक ग्रोव्हमध्ये उद्यानाच्या अधिकाऱ्यांच्या संमतीनं ठरलेल्या टी आणि ठरलेली निशाणं जमिनीत पक्की बसवली गेली. म्हणजे सोमवारी सकाळी एखादा अनोळखी माणूस खिशात एक चकती घेऊन आला तरी त्याला कुणालाही न विचारता खेळता येईल, अशी सोय झाली. खेळाचा जन्म तिथं झाला नाही. पण चार मित्रांमधली गंमत सगळ्यांची झाली ती तिथं, आणि माझ्या मते हे जन्माहून मोठं काम आहे.

हा कोर्स बनवला कुणी?

एड हेड्रिक. जन्म १९२४. डिस्क गोल्फवाले त्यांना ‘स्टेडी एड’ या टोपणनावानं ओळखतात.

त्यांची गोष्ट समजायला थोडं मागं जावं लागेल. फ्रेड मॉरिसन नावाचा माणूस १९३० च्या दशकाच्या अखेरीस सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर केक भाजायची पत्र्याची ताटं फेकायला म्हणून पंचवीस सेंटना विकायचा. युद्धात वैमानिकी करून आल्यावर त्यानं प्लॅस्टिकची चकती घडवली. १९५५ च्या सुमाराची त्याची चकती ‘प्लूटो प्लॅटर’ नावानं ओळखली जाते. १९५७ मध्ये ती वॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीनं बाजारात आणली आणि तिचं नाव फ्रिस्बी झालं. वॅम-ओ ही तेव्हा सॅन गॅब्रिएलची कंपनी. हे गाव पॅसाडेनाच्या जवळच आहे. म्हणजे हा सगळा इतिहास गाडीनं अर्ध्या तासाच्या टापूत घडलेला आहे.

हेड्रिक १९६० च्या दशकात वॅम-ओत आले. तोवर फ्रिस्बी म्हणजे समुद्रावरचं खेळणं होतं, आणि ते हवेत डगमगायचं. हेड्रिक यांनी चकतीच्या वरच्या बाजूला काठाजवळ बारीक उंचवट्याच्या गोल रेषा दिल्या. त्यामुळे हवेचा प्रवाह पृष्ठभागावरून नीट वाहू लागला आणि चकती सरळ, स्थिर जाऊ लागली. त्या सुधारणेचं पेटंट १९६७ चं आहे. आजही फ्रिस्बीवर बोट फिरवलं तर त्या रेषा लागतात. खेळण्याचं खेळाच्या साधनात रूपांतर झालं ते इथून.

१९७४ पासून पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमवर जागतिक फ्रिस्बी स्पर्धा भरू लागल्या. रोझ बोल आणि ओक ग्रोव्ह दोन्ही अरोयो सेको या एकाच ओढ्याच्या खोऱ्यात आहेत, फक्त रोझ बोल खालच्या अंगाला. दुसऱ्याच वर्षी ओक ग्रोव्हचा कोर्स झाला. मग हेड्रिक यांनी बास्केट आणि कोर्स बनवण्यासाठी स्वतःची डिस्क गोल्फ असोसिएशन ही कंपनी काढली, १९७६ मध्ये पीडीजीए ही खेळाडूंची संघटना स्थापली आणि तिचं सभासद क्रमांक १ स्वतःकडे ठेवलं. पुढे ती संघटना त्यांनी खेळाडूंच्याच हाती सोपवली. आज जगभरच्या अधिकृत स्पर्धांचे नियम तीच ठरवते.

२००२ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून स्मरणार्थ चकत्या ओतण्यात आल्या. हे ऐकल्यावर आपल्याकडची जुनी माणसं आधी दचकतात आणि मग म्हणतात, ‘म्हणजे विसर्जन नाहीच?’

सुरुवातीला साखळ्या नव्हत्या म्हणे. मग काय होतं?

नुसते खांब. चकती खांबाला लागली की होल पूर्ण.

आता कल्पना करा, चाळीस-पन्नास फुटांवरून फेकलेली चकती खांबाच्या अगदी जवळून गेली. एक म्हणतो लागली, दुसरा म्हणतो नाही लागली. आवाज झाला का? झाला असेल, पण तो मागच्या फांदीचाही असेल. गल्ली क्रिकेटमध्ये स्टंपऐवजी खडूच्या रेघा असल्या की जे होतं तेच. हे तंटे मिटवायला हेड्रिक यांनी मुलासोबत प्रयोग सुरू केले. चकतीला पकडणारं आणि पकडल्याचं सगळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. त्यातून निघालं ते असं: मधे खांब, वर कडं, कड्यातून खाली मधल्या खांबाकडे येणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्याखाली टोपली. चकती साखळ्यांवर आदळली की साखळ्या मागं झुकतात, वेग शोषून घेतात आणि चकती टोपलीत पडते. त्याचं पेटंट १९७७ मध्ये मिळालं.

साखळीत खरी हुशारी आहे ती ही, की ती कडकही नाही आणि मऊही नाही. फळी असती तर चकती उसळून परत आली असती. जाळं असतं तर हलकी फेक पकडली गेली असती, पण जोराची फेक त्याच्या दोऱ्या फाडून गेली असती. आणि साखळीचा खळखळाट! तो आवाज ऐकण्यासाठी निम्मे लोक खेळतात, असं माझं ठाम मत आहे. अर्थात नशीब वाईट असेल तर चकती साखळ्यांना लागून बाजूनं निसटतेसुद्धा. तेव्हाही वाद होतो, पण तो देवाशी.

पैसे किती? बुकिंग करावं लागतं का?

काही नाही. फुकट. निघण्याआधी कोर्स चालू आहे का ते शहराच्या सूचनांत पाहा, मग गाडी लावा आणि खेळा. उद्यान सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत.

तिथं पोचायचं कसं?

२१० फ्रीवेवरून बर्कशायरला उतरा आणि ओक ग्रोव्ह ड्राइव्ह धरा. रस्त्याच्या एका बाजूला ला कन्याडाची शाळा आणि दुसऱ्या बाजूला उद्यान. सरळ उत्तरेला गेलात तर जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी पोचाल आणि तिथला सुरक्षारक्षक तुम्हाला अदबीनं परत पाठवेल.

कोर्स एवढा आखूड का? आजच्या खेळाडूंना तो लहान मुलांचा वाटतो.

हाच सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांब.

आज मोठ्या स्पर्धांसाठी आखलेले कोर्स आठ-दहा हजार फूट लांब असतात. त्यावरचे काही होल एकेकटे हजार फुटांपर्यंत जातात. त्या मानानं ओक ग्रोव्हवरचे होल बुटके. चांगला खेळाडू बहुतेक ठिकाणी एका फेकीत बास्केटजवळ पोचतो. त्यामुळे आधुनिक डिस्क घेऊन आलेले लोक तासाभरात खेळून ‘बस, एवढंच?’ म्हणत निघून जातात.

पण १९७५ मध्ये आजच्या डिस्क नव्हत्याच. लोक खेळायचे ते साध्या फ्रिस्बीनं. मोठा घेर, जाड गोल काठ, वर फुगलेला घुमट. अशी चकती हवेत छान तरंगते, पण हवा तिला पुढं जाऊ देत नाही, कारण जाड काठ हवेला अडतो. साधारण माणसानं जीव तोडून फेकली तरी शे-दोनशे फुटांवर दम संपतो, आणि समोरून वारा आला तर ती चक्क मागंही येते. त्या चकतीसाठी आणि त्या हातांसाठी हा कोर्स आखला होता. तेव्हा तो मुळीच आखूड नव्हता.

मग १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस या दक्षिण कॅलिफोर्नियाच्याच खेळाडूनं चकतीचा काठ तिरका, धारेसारखा करून पाहिला. त्या डिस्कचं नाव ईगल. तिरक्या काठामुळे हवेचा अडथळा एकदम कमी झाला आणि चकती पूर्वी कधी गेली नव्हती तेवढी लांब जाऊ लागली. त्यातूनच इनोव्हा ही कंपनी उभी राहिली. तेव्हापासून चालू झालेली शर्यत अजून थांबलेली नाही. डिस्क जास्त लांब जाते म्हणून कोर्स लांब करायचे, आणि कोर्स लांब झाले म्हणून आणखी लांब जाणारी डिस्क काढायची. बॅट जाड होत गेल्या आणि सीमारेषा आत आल्या, याबद्दल आपण तक्रार करतो. इथं सीमारेषा बाहेर गेली, एवढाच फरक.

ओक ग्रोव्हमधली झाडं मात्र जागची हलली नाहीत. म्हणून तिथं उभं राहिलं की १९७५ चं माप डोळ्यांना दिसतं.

मग कोणती डिस्क घेऊन जाऊ?

पटर. एकच. दुकानात तीन मुख्य प्रकार मिळतात: लांबच्या फेकीसाठी धारदार काठाचे ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी मिडरेंज आणि जवळून बास्केटमध्ये टाकण्यासाठी बोथट काठाचे पटर. नवशिके हमखास ड्रायव्हर उचलतात, कारण डब्यावर ‘जास्त अंतर’ लिहिलेलं असतं. ड्रायव्हरला सरळ जायला खूप वेग लागतो. हातात तेवढा वेग नसला की उजव्या हाताच्या माणसाची डिस्क डावीकडे वळते आणि झुडपात जाते. मग माणूस झुडपात, आणि मागच्या गटाचा खोळंबा.

पटर हळू जाते पण सांगितलेलं ऐकते. आकारानं आणि वागण्यानं ती १९७५ च्या फ्रिस्बीची सख्खी नातेवाईक आहे. ओक ग्रोव्हवर टीपासून बास्केटपर्यंत फक्त पटरनं खेळून पाहा. फांदीखालून जायचं की बाजूनं वळवायचं, हा प्रश्न प्रत्येक होलवर खरा होतो. ज्यांना वर्षानुवर्षं खेळून हा कोर्स ‘सोपा’ वाटतो त्यांनाही माझा हाच सल्ला आहे. बॅग गाडीत ठेवा, एक पटर हातात घ्या, आणि मग सांगा सोपा आहे का.

घरातली साधी फ्रिस्बी चालेल?

ऐतिहासिकदृष्ट्या तीच योग्य! पण अल्टिमेटची १७५ ग्रॅमची मोठी चकती बास्केटमध्ये नीट बसतेच असं नाही, साखळ्यांवरून उडते. पोरांनी समुद्रावरून आणलेली हलकी चकती तर वाऱ्यानं कुठंही जाते. गंमत म्हणून एक फेरी खेळा, रोजच्या खेळाला गोल्फची डिस्क घ्या. साधारण दहा-पंधरा डॉलरला मिळते.

नियम थोडक्यात सांगा. अख्खं नियमपुस्तक नको.

टीवर उभं राहून पहिली फेक. त्यानंतर ज्याची डिस्क बास्केटपासून सर्वांत लांब, तो आधी फेकतो. डिस्क पडली तिथं एक छोटी चकती निशाणी म्हणून ठेवतात आणि एक पाय तिच्या लगेच मागं ठेवून फेकतात. स्पर्धेत हा पाय वीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर लांब अशा काल्पनिक चौकटीत असावा लागतो. रविवारी सकाळी कुणी पट्टी घेऊन येत नाही.

बास्केटपासून दहा मीटरच्या आत आलात की फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, पुढं झेपावायचं नाही. लांबून मात्र फेकीच्या झोकात पाय पुढं गेला तर चालतो. डिस्क ठरलेल्या हद्दीबाहेर गेली तर एक फेक वाढते. डिस्क साखळ्यांत किंवा टोपलीत विसावली की होल संपला. बास्केटच्या डोक्यावर जाऊन बसली तर टाळ्या मिळतात, पण होल पूर्ण धरत नाहीत.

फेकायला तीस सेकंद आणि हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं, हे स्पर्धेचे आकडे. रोजच्या खेळातही पाळले तर मागच्यांचे शिव्याशाप वाचतात.

एका फेरीला किती वेळ लागतो?

दोघं असाल तर तासभर, चौघं असाल तर दीड-दोन. गप्पा धरून.

माझी फेक कायम डावीकडे वळते. का?

कारण चकती फिरते. उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर झटकून, फेकली की ती वरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरते. वेग भरपूर असतो तोवर ती सरळ जाते, किंवा किंचित उजवीकडेही झुकते. वेग कमी झाला की हवेचा दाब चकतीच्या पुढच्या भागावर जास्त उचल देऊ लागतो. फिरणारी वस्तू या उचलीला नव्वद अंश उशिरा प्रतिसाद देते, म्हणून पुढचं तोंड वर न होता डावी बाजू खाली झुकते. भोवऱ्यात जी गंमत असते तीच ही. त्यामुळे शेवटचं डावं वळण हा तुमचा दोष नाही, तो चकतीचा स्वभाव आहे. त्याला जागा ठेवून थोडं उजवीकडे नेम धरा.

फार लवकर वळत असेल तर मात्र बहुधा फेकताना चकतीचं नाक वर जातंय. आडवी, सपाट सोडा. आणि ताकद नाही, मनगटाची फिरकी वाढवा. ओक ग्रोव्हवर ताकदीचा उपयोग फक्त डिस्क हरवण्यापुरता.

झाडावर अडकली तर?

अडकणारच. तिथले ओक जुने, पसरट आणि खालपर्यंत फांद्या असलेले आहेत. दुसरी डिस्क फेकून पहिली पाडायचा मोह होतो. बऱ्याचदा दोन्ही अडकतात. लांब काठी किंवा दोरीला बांधलेलं वजन घेऊन या. झाडावर चढू नका, फांद्या मोडू नका. ही झाडं या कोर्सहून कितीतरी जुनी आहेत आणि कोर्स त्यांच्या भोवती आखलेला आहे, त्यांना बाजूला सारून नाही.

साप असतात का? आणि ती खाज येणारी वनस्पती कोणती?

साप असतात, आणि रॅटलस्नेकही. वसंतापासून पुढं उन्हाच्या दिवसांत सावध राहा. दगडामागं किंवा गवतात डिस्क गेली तर आधी काठीनं ढवळा, हात नंतर. शेपटीचा खुळखुळाट ऐकू आला तर डिस्क सोडून द्या. पंधरा डॉलरच्या वस्तूसाठी भांडायची ती जागा नाही.

खाज येते ती पॉयझन ओकमुळे. नावात ओक असलं तरी ती ओकच्या जातीची नाही. ती आपल्या बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातली. ज्यांनी घरात कुणाला बिब्बा उतलेला पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दोन्हींतला दाहक तेलकट चीक जवळजवळ एकाच प्रकारचा. एका देठाला तीन पानं असलेलं चकचकीत, कधी लालसर झुडूप दिसलं की त्यात शिरू नका. शिरलातच तर घरी गेल्यावर साबणानं हात-पाय आणि डिस्कही धुवा, कारण तो चीक वस्तूंवर टिकून राहतो. पानं झडल्यावर नुसत्या काड्यांनाही तो असतो, हे लोक विसरतात.

उद्यानात इतर लोक असतात. त्यांना डिस्क लागली तर?

ही खरी काळजी आहे आणि सार्वजनिक उद्यानातल्या जुन्या कोर्सवर ती कायम राहणार. तिथं वाटांवरून माणसं फिरतात, कुत्री असतात, घोडेस्वार येतात, सहली होतात, आणि उन्हाळ्यात मुलांची शिबिरंही भरतात. गोल्फची डिस्क मऊ नसते. जोरात फेकलेली डिस्क ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरच्या वेगानं जाऊ शकते आणि काठ धारेचा. कपाळ फुटतं.

नियम सोपा: समोर कुणी असेल तर फेकायचं नाही. ते हळू चालत असले, फोनवर बोलत बास्केटखालीच उभे असले तरी नाही. उद्यान त्यांचं आधी, आपलं नंतर. ते गेल्यावर फेका, किंवा गोड शब्दांत सांगा. बहुतेकांना आपण कोर्समध्ये उभे आहोत हेच माहीत नसतं. चुकून डिस्क कुणाच्या दिशेनं गेलीच तर ‘फोर!’ असं मोठ्यानं ओरडा. मराठीत ‘ओ, सांभाळा!’ ओरडलात तर आपली माणसं चटकन वाकतील, बाकीचे वळून पाहतील, आणि तेच घातक.

घोडा जवळ आला की थांबा आणि साखळ्यांचा आवाजही करू नका. घोडा बिथरतो.

आई-बाबा भारतातून आले आहेत. त्यांना नेता येईल का?

अवश्य न्या. सावली आहे, आणि खेळायचं नसलं तरी तासभर सोबत फिरता येतं. काही ठिकाणी जमीन उंचसखल आणि मुळांनी भरलेली आहे, म्हणून चपला नकोत, बूट हवेत. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत जा. दुपारी डोंगराकडून तापलेली हवा येते आणि पाणी कमी पडतं.

आणि त्यांना खेळायला द्याच. लहानपणी गोट्या, विटी-दांडू खेळलेल्या माणसाचा नेम बास्केटजवळच्या फेकीत तरुणांपेक्षा चांगला निघतो, असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. सहासष्ट वर्षांच्या एका काकूंनी पहिल्याच दिवशी वीस फुटांवरून साखळ्या वाजवल्या आणि मग जावयाला उरलेली फेरी शिकवणी दिली.

कुणाची डिस्क सापडली तर ठेवून घ्यायची का?

नाही. मागच्या बाजूला बहुतेक जण नाव आणि फोन नंबर लिहितात. एक निरोप पाठवा. या खेळात हे फार मनापासून पाळलं जातं, आणि तुम्हीही तुमच्या डिस्कवर नंबर लिहा. देवनागरीत नाव लिहिलंत तर छान दिसेल, पण नंबर इंग्रजी आकड्यांतच असू द्या, नाहीतर सापडलेल्या माणसाला वाचता येणार नाही.

शेजारी जेपीएल आहे. त्याचा या जागेशी काही संबंध?

शेजाराचाच, पण शेजार मोठा. १९३६ मध्ये हॅलोवीनच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, पॅसाडेनातल्या कॅलटेक या विद्यापीठाचा विद्यार्थी फ्रँक मलिना आणि त्याच्या साथीदारांनी याच अरोयो सेकोच्या कोरड्या पात्रात रॉकेटच्या इंजिनाची चाचणी घेतली. पुढं त्यातूनच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली. मंगळावर गाड्या पाठवणारी संस्था आणि चकत्या फेकणारी माणसं एकाच ओढ्याच्या काठी. जेपीएलमध्ये आपली मंडळीही काम करतात. त्यांच्यापैकी कुणी वायुगतिकीचं ज्ञान पाजळत फेकायला आलं, तर त्याची डिस्कही शेवटी डावीकडेच वळते.

पावसाळ्यात खेळता येतं का?

दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. झाडीतला भाग चिखलाचा होतो, पण एक-दोन दिवसांत सुकतो. उद्यानाचा खालचा भाग मात्र १९२० साली बांधलेल्या डेव्हिल्स गेट धरणाचं बुडीत क्षेत्र आहे. पूर अडवण्यासाठीचं हे धरण. २००९ मध्ये वरच्या डोंगरात मोठा वणवा लागला, त्यानंतरच्या पावसात प्रचंड गाळ वाहून आला आणि तो काढायचं काम पुढं बरीच वर्षं गाजलं. तेव्हा जोराचा पाऊस असेल किंवा वणव्याचा इशारा असेल तर जायच्या आधी शहराच्या सूचना पाहा. डिस्क ओढ्याच्या पात्रात गेली तर तिचा नाद सोडा.

ओक ग्रोव्ह आवडला. पुढं कुठं?

गाडी काढायची तयारी असेल तर सांता क्रूझचं डेलाव्हेआगा. १९८४ चा कोर्स, डोंगरउताराचा. त्याचा सत्ताविसावा होल ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ म्हणून प्रसिद्ध आहे. टेकडीच्या माथ्यावरून खाली फेकायचं आणि समोर सगळं मोकळं. इतिहासात रस असेल तर जॉर्जिया राज्यातल्या अ‍ॅपलिंगला पीडीजीएचं केंद्र आहे. तिथं हेड्रिक यांच्या स्मरणार्थ संग्रहालय आहे आणि बाहेर खेळायला कोर्सही. अमेरिकेबाहेर फिनलंडमध्ये हा खेळ इतका पसरला आहे की गावोगावी बास्केट दिसतात. जगभरात आता पंधरा हजारांहून जास्त कोर्स आहेत.

महाराष्ट्रात परत गेल्यावर खेळायचं कसं? तिथं बास्केट कुठून आणायच्या?

आणू नका. १९७५ च्या आधी लोक खेळायचे तसं खेळा. मोकळं मैदान किंवा टेकडी बघा, नऊ झाडं ठरवा आणि बुंध्याला लागली की होल संपला असं माना. ‘लागली की नाही’ यावर भांडणं होतील. ती व्हायलाच हवीत, त्याशिवाय साखळ्यांची किंमत कळत नाही. पहाटे जा, फिरायला येणारे वाढायच्या आत संपवा. रखवालदाराला आधी विचारा, आणि तो तयार नसेल तर त्याच्याच हातात एक डिस्क देऊन बघा. आंब्याच्या झाडांखाली मात्र मोहराच्या दिवसांत खेळू नका, मालक काठी घेऊन येतील आणि त्यांचं बरोबर असेल.